माटोळीतलं सीताफळ आणि मुंग्यांची वाट

7 सप्टेंबर 2024, चवथीचा म्हणजे गणेशचतुर्थीचा दिवस. दुपारची आरती व्हायची होती आणि सासूबाईंनी देवाच्या खोलीतून मला हाक मारली, "मुयो पळय गो!" (मुंग्या बघ गं!) माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीला, बांधलेल्या सीताफळांपैकी दोन फळांच्या खाचांत पिंजलेल्या कापसासारखं पांढरं काहीतरी बसलं होतं. तिथून बारीक काळ्या मुंग्यांची रांग दोरीवरून, नारळाच्या पेंडीवरून थेट खाली मखराच्या कापडावर उतरली होती. फळं आमच्याच भाटातली, म्हणजे घरच्या बागेतली. माटोळीचं बाकी सामान बाणस्तारीच्या बाजारातून कितीही आणलं तरी सीताफळ, पेरू आणि तोरिंजन घरचं बांधायचं, ही सासूबाईंच्याही सासूपासूनची रीत. ती दोन्ही फळं सोडून काढली आणि रिकाम्या जागी आंबाड्यांचा घोस बांधला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण विसर्जनापर्यंत त्यांची नजर त्या जागेकडे जात राहिली.

त्या दिवसापासून पुढच्या चवथीपर्यंत मी झाडांसाठी जे काही केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सुरुवात केली तेव्हा मला नीट सांगणारं कुणी सापडत नव्हतं. कुणी म्हणायचं औषध मार, कुणी म्हणायचं झाडच काढ.

आमचं भाट गोव्यात, माशेलजवळ, फोंडा तालुक्यात. मोठं नाही. तीन सीताफळं, तीन पेरू, दोन चिकू, एक मानकुराद आणि एक मुसराद आंबा, कुंपणाजवळ तोरिंजन, वर चढावावर चार काजू. सीताफळांपासून पंधरा-वीस फुटांवर विहीर आहे, तिचं पाणी आम्ही पितो. चिकूखाली सातेरी मधमाश्यांची एक पेटी आहे. त्यामुळे बाजारातल्या दुकानदाराने फवारायच्या औषधाची बाटली समोर ठेवली तेव्हा मी ती परत सरकवली. त्याचा सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. पण विहिरीच्या काठावर ते औषध मारायला माझं मन तयार होईना.

चवथीनंतर पाऊस जरा उघडला तशी मी रोज सकाळी वीस मिनिटं झाडांखाली उभी राहायला लागले. नुसतं बघायला. पहिल्या आठवड्यातच कळलं की तो कापूस आणि मुंग्या या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जिथे जिथे कापूस, तिथे मुंग्या होत्याच. पेरूच्या पानांवर काळी काजळी चढली होती, बोटाने पुसली तर निघत होती. आणि तीनही पेरूंच्या बुंध्यावर, उत्तरेच्या अंगाला, मुंग्यांची एकच ठरलेली वाट होती. वर जाणाऱ्या मुंग्यांची पोटं सपाट, खाली येणाऱ्यांची फुगलेली आणि उन्हात जवळजवळ पारदर्शक.

23 सप्टेंबरला, सोमवारी, मी नमुना घेऊन जुन्या गोव्याला गेले. एला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची) किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे आणि त्याच आवारात उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र. नमुना कसा न्यावा हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सांगते. किडीसकट फांदीचा वीतभर तुकडा कापायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि मग पिशवीत घालून तोंड बंद करायचं. मी नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत पानं कोंबली होती. बसमधून उतरेपर्यंत आत घाम सुटून सगळा चिखल झाला होता. नशिबाने मोबाइलवर जवळून काढलेले फोटो होते. झाडाचा पूर्ण फोटो, बुंध्याचा फोटो आणि किडीचा फोटो, असे तीन असले की समोरच्याला लगेच अंदाज येतो.

तिथे भेटलेल्या ताईंनी भिंगातून पाहिलं आणि पिठ्या ढेकूण असल्याचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "झाडावर मुंग्या आहेत का?" मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आधी मुंग्यांचं बघा."

पुढची दहा मिनिटं त्यांनी जे समजावलं त्यावर माझं सगळं वर्ष उभं राहिलं. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो. त्यातली जास्तीची साखर तो चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. हे थेंब पानांवर पडले की त्यांवर काळी बुरशी वाढते, तीच ती काजळी. मुंग्यांना हा गोड रस हवा असतो, म्हणून त्या ढेकणांची राखण करतात. ढेकूण खाणारे ढालकिडे किंवा त्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आल्या की त्यांना हुसकावून लावतात. काही वेळा पिल्लांना तोंडात धरून नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. म्हणजे ढेकणाचे शत्रू भाटात असतातच, मुंग्या त्यांना काम करू देत नाहीत.

उदाहरण म्हणून त्यांनी पपईचं सांगितलं. 2008 मध्ये तामिळनाडूत कोईमतूरला पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला आणि झपाट्याने पसरला. फवारण्यांनी तो आटोक्यात येत नव्हता. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून ॲसिरोफॅगस पपयी नावाची डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी गांधीलमाशी आणून सोडली गेली आणि तिने त्याला आवरलं. एवढ्याशा माशीला झाडावर उतरू द्यायचं, तर आधी झाडावरचा पहारा उठवायला हवा, हे मला तिथे पटलं.

त्यांनी सांगितलेला उपाय जुना आणि साधा. बुंध्याला पट्टा बांधायचा आणि त्यावर चिकट थर द्यायचा. उत्तरेकडच्या आंबा बागांत डिसेंबरमध्ये असा पट्टा बांधतात, कारण तिथला आंब्यावरचा मोठा पिठ्या जमिनीत घातलेल्या अंड्यांतून निघून थंडीत खोडावर चढतो. तिथे 400 गेजचं म्हणजे 100 मायक्रॉनचं प्लॅस्टिक फूटभर रुंदीचं वापरतात. आमच्या नमुन्यातला ढेकूण तो नव्हता, आणि आम्हाला मुख्यतः मुंग्या अडवायच्या होत्या. त्यामुळे डिसेंबरची वाट न पाहता पाऊस थांबला की बांधा, असं त्या म्हणाल्या.

2024 चा पाऊस काही लवकर थांबला नाही. ऑक्टोबरचे पहिले पंधरा दिवस मी फक्त तयारी केली. झाडाला पट्टा बांधायच्या आधी दुसऱ्या सगळ्या वाटा तोडाव्या लागतात. पेरूची एक फांदी गोठ्याच्या पत्र्याला टेकली होती, सीताफळाच्या दोन फांद्या एकमेकींत अडकल्या होत्या, चिकूला कपडे वाळत घालायची तार बांधली होती आणि खाली गवत गुडघाभर वाढलं होतं. गवत काढायला एका दिवसाची मजुरी 900 रुपये गेली. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या मी स्वतः छाटल्या. छाटलेल्या किडक्या फांद्या भाटातच टाकून ठेवायच्या नाहीत, त्यांवरची पिल्लं चालत परत येतात. आम्ही त्या पोत्यात भरून उन्हात तापवल्या आणि मग जाळल्या.

20 ऑक्टोबरला, रविवारी, पहिले पट्टे बांधले. दिवाळीच्या साफसफाईत घरातली सगळी गुंतलेली, मी आणि मुलगा दोघंच होतो. आणि इथे माझ्याकडून पहिली मोठी चूक झाली. प्लॅस्टिक कमी पडलं म्हणून दोन पेरूंवर मी गाडीचं ग्रीस थेट सालीवर फासलं. डबा 160 रुपयांचा होता, दोन्ही झाडांना भरपूर झाला. दोन आठवड्यांनी, 3 नोव्हेंबरला, पाहिलं तर ग्रीसखालची साल काळपट आणि मऊ झाली होती. नखाने दाबली तर आत जात होती. पेरूची साल कागदासारखी पातळ, तिला ते तेल सोसवलं नाही. मी ते ग्रीस जुन्या कपड्याने पुसून काढलं, शिकेकाईच्या पाण्याने हळू धुतलं आणि जागा उघडी ठेवली. एक पेरू सावरला. दुसऱ्याची एक जाड फांदी फेब्रुवारीत वाळली. ते झाड सासूबाईंनी त्यांच्या माहेराहून आणून लावलेलं होतं. ग्रीस असो की कुठलाही गोंद, तो फक्त प्लॅस्टिकवर लावायचा, सालीला त्याचा स्पर्श होता कामा नये. हे एवढं जरी कुणी लक्षात ठेवलं तरी माझं लिहिणं कारणी लागलं.

प्लॅस्टिकच्या बाबतीतही दोन-तीन प्रकार करून पाहिले. जाड प्लॅस्टिक सुतळीने बांधलं की पेरूवर छान बसतं, कारण त्याचं खोड गुळगुळीत. आंब्यावर मात्र सालीच्या भेगांतून मुंग्या पट्ट्याखालून निघून जातात. शेवटी सामान बांधणारे वापरतात ती ताणली जाणारी फिल्म आणली, 350 रुपयांचा रोल. ती दोन-तीन वेढ्यांत अंगालगत बसते आणि खोड वाढलं की थोडी सैलही होते. आंब्याला आधी सुटलेली साल पोत्याच्या तुकड्याने घासून काढली, भेगांत चिकणमाती लिंपली, तिच्यावर जुन्या गादीतल्या कापसाचा पातळ थर दिला आणि मग फिल्म गुंडाळली. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर बांधलेलं बरं. त्याच्या खाली बांधलं तर मातीचे शिंतोडे उडतात.

चिकट थरासाठी मी आधी घरीच राळ आणि एरंडेल तापवून गोंद केला. अर्धा किलो राळ 150 रुपयांना आणि एरंडेल 180 रुपयांचं. मंद आचेवर राळ विरघळेपर्यंत ढवळायचं, मधासारखी तार आली की उतरवायचं. राळ पटकन पेटते, म्हणून हे घराबाहेर चुलीवरच करावं आणि मुलांना लांब ठेवावं. गोंद चांगला झाला, पण धुळीने आठ-दहा दिवसांत सुकायचा. नंतर कीटक-सापळ्यांना लावतात तो तयार गोंद 450 रुपयांना आणला, तो महिनाभर ओला राहतो. थोड्याच झाडांसाठी घरचा गोंद पुरे आहे, फक्त दर आठवड्याला नवा हात द्यायची तयारी हवी.

नोव्हेंबरच्या मध्याला, तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला, मला वाटलं काम झालं. मुंग्या पट्ट्याशी येऊन घुटमळत होत्या. आणि चार दिवसांनी पाहते तर मधल्या सीताफळावर पुन्हा रांग सुरू. मी खाली बसून जवळून पाहिलं. एका मुंगीच्या तोंडात मातीचा कण होता. तिने तो गोंदाच्या कडेला ठेवला आणि परत फिरली. मागची दुसरी, तिच्याही तोंडात कण. बोटभर रुंदीची मातीची पायवाट त्यांनी गोंदावर अंथरली होती, पलीकडच्या कडेला अजून थोडं अंतर बाकी होतं, आणि तिथे त्या गोंदात अडकून मेलेल्या मुंग्यांच्या अंगावरून बाकीच्या पलीकडे जात होत्या. मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. पट्टा एकदा बांधून विसरायचा नसतो हे मला त्या मुंग्यांनी शिकवलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी अर्धा तास: चिकटलेली पानं, माती, मेलेल्या मुंग्या जुन्या चाकूने खरवडायच्या आणि गोंदाचा नवा हात द्यायचा. गोंदाची रुंदीही मी दोन इंचांवरून चार इंच केली.

दुसरी गोष्ट हुमल्यांची. लाल, पानं शिवून झाडावरच घरटं करणाऱ्या या मुंग्यांची दोन घरटी मुसरादवर होती. बुंध्याला पट्टा बांधून त्यांना काहीच फरक पडणार नव्हता, त्या वरच राहतात. मी घरटी काढायला निघाले होते, तेवढ्यात आमचे पाडेली काका नारळ पाडायला आले. ते म्हणाले, "बाय, काजूवरचे हुमले मात्र काढू नका." काजूच्या कोवळ्या पालवीतला आणि मोहरातला रस शोषणाऱ्या ढेकण्याला हुमले मारतात, हे त्यांना वर्षानुवर्षं पाहून ठाऊक होतं. जुन्या गोव्याला विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं. त्यामुळे चारही काजूंना मी पट्टा बांधलाच नाही. मुसरादवरची घरटी तशीच राहू दिली, कारण त्या झाडावर पिठ्या जवळजवळ नव्हता. प्रत्येक मुंगी सारखी नाही आणि प्रत्येक झाडाचं गणितही सारखं नाही, त्यामुळे आधी बघून मगच बांधावं.

डिसेंबरमध्ये पुन्हा जुन्या गोव्याला गेले तेव्हा सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाची गर्दी होती. ते 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत चाललं. बस लांबच थांबली आणि अर्ध्या तासाच्या कामाला अख्खी सकाळ गेली. त्या फेरीत मी ढेकूण खाणारे ढालकिडे विकत मिळतात का हे विचारलं. क्रिप्टोलीमस नावाचा हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियातला, भारतात 1898 मध्येच आणला गेला. मला झाडामागे दहा असा अंदाज सांगितला, आणि मुंग्या पूर्ण थांबल्याशिवाय मागवू नका अशी ताकीदही.

याच सुमारास कृषी कार्डाचंही काम सुरू केलं. पट्ट्यांसाठी ते लागत नाही, पण पुढे गवत कापायचं यंत्र घ्यायचं होतं आणि अनुदानासाठी कार्ड हवं म्हणून सांगितलं होतं. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढला तर त्यावर अजूनही आजेसासऱ्यांचं नाव आणि खाली चार वारस. एका कार्यालयात सांगितलं की बाकीच्या तिघांची संमती प्रतिज्ञापत्रावर हवी. एक दीर मुंबईला, एक नणंद बेळगावला. कागद टपालाने गेले, सह्या होऊन आले, त्यातल्या एकावर साक्षीदाराची सही राहिली म्हणून पुन्हा गेले. 12 डिसेंबरला दिलेला अर्ज मार्चच्या शेवटी पुरा झाला. ज्यांच्या उताऱ्यावर एकापेक्षा जास्त नावं आहेत त्यांनी हे काम चवथीत किंवा मे महिन्यात करावं. तेव्हा सगळे भाऊबंद गावी असतात, एका दुपारी सह्या होतात.

ढालकिडे मी बेंगळुरूच्या एका पुरवठादाराकडून मागवले. कुरियरसकट 1,150 रुपये. पैसे भरल्यापासून 26 दिवस लागले, कारण ते मागणीप्रमाणे वाढवून पाठवतात. 18 जानेवारी 2025 ला, शनिवारी दुपारी, बारीक भोकांचा एक डबा आला. आत कागदाच्या कपच्यांवर काळे, नारिंगी डोक्याचे, मसुराच्या डाळीपेक्षा लहान किडे. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आम्ही ते सीताफळांवर आणि पेरूंवर सोडले. मुलाने एकेक मोजून सोडला, त्यातले सहा वाटेतच मेले होते.

मग तीन आठवडे काहीच दिसेना. मोठे किडे कुठे गेले कळत नव्हतं. 9 फेब्रुवारीला सकाळी पेरूच्या कोवळ्या फांदीवर पाहिलं तर पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांचे लांबट ढेकूण! आधीच्या ढेकणांपेक्षा मोठे. माझा धीर सुटला. एवढं सगळं करून कीड वाढलीच, असं वाटून मी पाण्याचा पाइप ओढत आणला आणि नळ सोडणार तोच मुलगा म्हणाला, "आई, हे पळतायत." खरंच, पिठ्या ढेकूण चिकटून बसतो आणि हललाच तर अगदी संथ. हे मात्र भरभर चालत होते. एकाने थांबून फांदीवरच्या कापसाच्या गोळ्यात तोंड खुपसलं आणि तो गोळा आमच्या डोळ्यांसमोर लहान होत गेला. ती ढालकिड्यांची पिल्लं होती. ढेकणासारखंच पांढरं मेण ती अंगावर वागवतात. कुणी धुऊन टाकू नये म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे. पांढरं दिसलं की आधी काडीने हलकेच डिवचून बघा. पळालं तर राहू द्या.

फेब्रुवारी संपेपर्यंत पेरूवरची काजळी सुकून पापुद्र्यासारखी निघायला लागली. ज्या झाडावर ढालकिडे सोडले नव्हते त्या चिकूवरही कीड कमी झाली होती. तिथे स्थानिक ढालकिडे आपणहून आले असावेत. पुन्हा करायची वेळ आली तर मी किडे विकत घेण्याआधी दोन महिने नुसते पट्टे ठेवून बघेन.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि मला एक गोष्ट खूप लागली. चिकूच्या पट्ट्यावर एक छोटी पाल अडकली होती. चारही पाय आणि पोट गोंदात, फक्त गळा हलत होता. मी आणि सासूबाईंनी मिळून बोटाने खोबरेल लावत, एकेक पाय सोडवत तिला मोकळं केलं. वीस मिनिटं लागली. मग भिंतीच्या सावलीत ठेवली, थोड्या वेळाने ती निघून गेली. किडे खाणारी पाल आपल्याच कामाने मरणार होती. त्याच दिवशी बारीक भोकांची तारेची जाळी आणली, 220 रुपये, आणि पट्ट्यापासून इंचभर लांब राहील अशी प्रत्येक झाडाभोवती गोल बसवली. मुंगी जाते, पाल आणि पाखरू जात नाही. जाळी खोडाला टेकता कामा नये, नाहीतर तोच पूल होतो. जाळीशिवाय चिकट पट्टा लावू नये असं आता माझं ठाम मत आहे.

पट्ट्याने काय झालं नाही तेही सांगायला हवं. मानकुरादच्या मोहरावर तुडतुडे आलेच, ते उडत येतात. आंबा पाडाला आल्यावर फळमाशीसाठी वेगळा सापळा टांगावा लागला. पिठ्याची नुकती जन्मलेली पिल्लं वाऱ्यानेही येतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या फांदीवर कापूस दिसत राहिला. मी तो जुन्या दात घासायच्या ब्रशने पाण्यात बुडवून घासून काढायचे.

2025 चा पाऊस मे महिन्यातच आला. पट्टे काढायचे ठरवलेले दिवस निघून गेले आणि पहिल्या सरींत आंब्याच्या पट्ट्याखाली पाणी साचलं. 25 मेच्या सुमाराला भर पावसात आम्ही आंबा आणि चिकूचे पट्टे कापून काढले. आतला कापूस ओला झाला होता, अजून आठवडा राहिला असता तर साल कुजली असती. सीताफळांचे पट्टे मात्र काढून चालणार नव्हतं. फळ धरलेलं होतं आणि चवथीपर्यंत त्यांना सांभाळायचं होतं. मग आठवण झाली रबराच्या झाडांची. सत्तरीत मामांकडे रबर आहे. पावसात चीक काढायच्या जागेवर पाणी येऊ नये म्हणून तिथे खोडाला प्लॅस्टिकचा घागरा बांधतात. तसाच घागरा मी सीताफळांना गोंदाच्या वीतभर वर बांधला, वरची कड चिकटपट्टीने बंद केली, खालची मोकळी. गोंद कोरडा राहिला. दर पंधरा दिवसांनी फिल्म सोडून साल तपासत होते आणि दोन बोटं वर सरकवून पुन्हा बांधत होते.

वर्षभराचा खर्च गवताच्या मजुरीसकट 3,560 रुपये झाला, त्यातले ग्रीसचे वाया गेले. पुढच्या वर्षी जाळ्या त्याच वापरायच्या आहेत, फिल्मही अर्धा रोल उरली आहे. कुणाला नव्याने सुरू करायचं असेल तर दसऱ्यानंतर गवत आणि फांद्यांचं काम उरकून घ्या आणि पहिल्या वर्षी दोनच झाडं धरा. मी एकदम नऊ झाडांना बांधलं आणि नोव्हेंबरभर रविवार पुरत नव्हते.

27 ऑगस्ट 2025 ला चवथ होती. आदल्या दिवशी मी मधल्या सीताफळाची तीन फळं उतरवून आणली. सासूबाईंनी चष्मा लावला, एकेक फळ खिडकीशी नेलं आणि अंगठ्याने त्याच्या सगळ्या खाचा पुसून बघितल्या. तिसऱ्या फळाला देठाशी थोडी काजळी होती, ती त्यांनी पदराने पुसली. मग शिडीवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात ते फळ देत त्याला म्हणाल्या, "हें मदीं बांद रे."